'लायका लूक' नक्की कुठे असतो? डिजिटल रेंजफाइंडरवाल्यांशी थोडा वाद

कवडसा (धागाकर्ता)

इथल्या छायाचित्रांच्या धाग्यांवर एक प्रतिसाद हमखास येतो: "रंग बघा, लायकाच आहे!" (लायका ही रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध जर्मन कंपनी.) फोटो चांगले असतात, त्याबद्दल तक्रार नाही. वाक्याबद्दल आहे. माझ्या मते रेंजफाइंडरचा जो काही फायदा आहे तो शटर दाबेपर्यंतच. त्यानंतर कार्डावर उतरते ती डीएनजी फाइल (लायकाची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल) इतर कुठल्याही कॅमेऱ्याच्या रॉ इतकीच कच्ची असते. तिचे रंग कॅमेरा प्रोफाइल (कच्च्या आकड्यांचे रंग कसे करायचे याचा तक्ता), व्हाइट बॅलन्स आणि तुमचा हात मिळून ठरवतात.

ज्यांनी हा प्रकार हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, वरच्या कोपऱ्यातल्या स्वतंत्र खिडकीतून बघतो. मधल्या छोट्या चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. फ्रेमच्या रेषांबाहेरचं जगही दिसत राहतं, त्यामुळे कोण चौकटीत शिरणार आहे ते आधीच कळतं. डिजिटलमध्ये हे पहिल्यांदा २००४ मध्ये एप्सनच्या आर-डी१ ने आणलं. सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि दर फोटोनंतर शटर चढवायला चक्क फिल्मच्या कॅमेऱ्यासारखी कळ! मग २००६ चा लायका एम८, २००९ चा फुल फ्रेम एम९, असं करत २०२२ चा ६० मेगापिक्सेलचा एम११. पिक्सी ही छोटी फ्रेंच कंपनी वगळता या वाटेवर आता फारसं कुणी नाही. फुजीचे एक्स-प्रो आणि एक्स१०० दिसायला तसे असले तरी ते ऑटोफोकसवाले. प्रतिमा जुळवणारी यंत्रणा त्यांत नाही.

माझी पद्धत 'झोन फोकस'ची: ३५ मिमीची लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, अंतर ३ मीटरवर ठेवून द्यायचं. साधारण १.९ ते ७.२ मीटरपर्यंतचं सगळं फोकसमध्ये. मंडईत किंवा भुलेश्वरच्या गल्लीत चालताना कॅमेरा डोळ्याला लावला की झालं, फोकस हा विषयच संपतो. मी पैसे मोजले ते यासाठी. घरी आल्यावर लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी जे करतो तेच कुठल्याही कॅमेऱ्याच्या फाइलला करेन. मग 'लायकाचे रंग' म्हणजे नेमकं काय?

जुना_चार्ज

तीव्र असहमत.

माझ्याकडे एम९ आहे, जोडीला आजचा एक मिररलेसही (आरसा नसलेला, इलेक्ट्रॉनिक पडद्यातून बघायचा कॅमेरा) आहे. एम९ मध्ये कोडॅकचा सीसीडी हा जुन्या प्रकारचा सेन्सर आहे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६० ला, सकाळच्या उन्हात, माणसाच्या चेहऱ्याचा जो रंग येतो तो दुसऱ्या फाइलवर आणायला मला स्लायडरशी झटापट करावी लागते, आणि तरी तो येत नाही. पुढे लायकाने सीएमओएस सेन्सरचा एम २४० काढला, तेव्हा त्वचा लालसर येते म्हणून जगभरच्या लोकांनी तक्रारी केल्या. कंपनी तीच, लेन्सा त्याच, मग हा फरक कुठून आला?

"नंतर सगळं करता येतं" हा युक्तिवाद मला नेहमी पोकळ वाटतो. करता येतं, पण कोण करतं? सुरुवात कुठून होते याला किंमत आहे. माझ्या एम९ च्या फायलींना एक्सपोजर आणि थोडा काँट्रास्ट सोडून मी हात लावत नाही.

कवडसा

फरक आहे हे मी नाकारतच नाहीये. तो सीसीडीमुळे आहे, हे नाकारतोय.

सीसीडी आणि सीएमओएस यांत फरक आहे तो साठलेला विद्युतभार वाचण्याच्या पद्धतीचा. रंग वेगळे करतात ते पिक्सेलवरचे लाल-हिरवे-निळे फिल्टर, त्यांच्यापुढची अवरक्त किरण अडवणारी काच, आणि शेवटी प्रोफाइल. याचा धडधडीत पुरावा एम८. तोही कोडॅकचा सीसीडीच. त्यात कोपरे चांगले यावेत म्हणून ही काच फार पातळ ठेवली होती, त्यामुळे अवरक्त किरण आत शिरायचे. परिणाम असा की काळे सिंथेटिक कपडे जांभळट दिसायला लागले. लोकांचे सूट, छत्र्या, बॅगांचे पट्टे, सगळं वांग्याच्या रंगाचं. शेवटी लायकाने गिऱ्हाइकांना लेन्सवर लावायचे दोन-दोन फिल्टर फुकट दिले. सेन्सरचा प्रकार एकच, काच वेगळी, रंग वेगळे.

एम २४० चं म्हणाल तर त्या तक्रारी पुढे फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेने) बऱ्याच कमी झाल्या. सेन्सर तर कुणी बदलला नव्हता ना?

मंडपाबाहेर

लग्नाचे फोटो काढून पोट भरतो, त्यामुळे माझा प्रतिसाद कोरडा वाटला तर माफी.

रंगबिंग नंतर बघू. आधी फोटो मिळायला हवा. अंतरपाट खाली येतो तो एक क्षण. नवरीची मान वर होते, अक्षता उडतात, मामा मध्ये हात घालतो, आणि अंधाऱ्या कार्यालयात तुम्ही एफ/१.४ वर दोन प्रतिमा जुळवत बसणार? माझा कॅमेरा तिचा डोळा पकडून ठेवतो, अक्षतांमधूनही सोडत नाही. जुन्या एम लेन्सा ०.७ मीटरपेक्षा जवळ फोकसच होत नाहीत, म्हणजे मेंदीचा हात गेला. ९० ची लेन्स लावली की फ्रेमची चौकट खिडकीच्या मधोमध एवढीशी उरते. आणि कार्डाचा खाचा एकच. एम११ मध्ये आतली ६४ जीबी मेमरी दिली हे खरं, पण त्याआधीच्या कॅमेऱ्यात कार्ड गेलं तर नवरीच्या आईला काय सांगू?

शौक म्हणून जरूर वापरा. हत्यार म्हणू नका.

राखाडी

मंडपाबाहेर, तुमच्या कामाला तो कॅमेरा नाहीच, त्यावर वाद कशाला? सायकलच्या धाग्यावर टेम्पोची भारक्षमता काढल्यासारखं झालं. :)

मी कवडसा यांच्या मूळ विधानाला आक्षेप घेते, पण रंगाच्या बाजूने नाही. मी मोनोक्रोम वापरते. २०१२ मध्ये लायकाने एम९ च्याच पिढीतला असा कॅमेरा काढला की ज्याच्या सेन्सरवर रंगाचे फिल्टरच नाहीत. ही फाइल "इतर कुठल्याही रॉ सारखी" अजिबात नाही. प्रत्येक पिक्सेल फक्त उजेड मोजतो, शेजाऱ्याकडून रंग उसना घेऊन अंदाज बांधावा लागत नाही. त्यामुळे बारकावे जास्त, आणि आयएसओ चढवला तरी येणारा नॉईज रंगीत ठिपक्यांचा नसतो.

पण याची किंमत शटर दाबण्याआधी द्यावी लागते. रंगीत फाइलमध्ये ढगाचा एक चॅनेल उडाला तरी बाकीच्या दोघांवरून थोडंफार परत आणता येतं. इथे उडालं ते उडालं, शुभ्र भोक. म्हणून मी एक्सपोजर कमी ठेवते आणि शॅडो नंतर उचलते. शिवाय रंगीत फोटो नंतर कृष्णधवल करताना निळा स्लायडर खाली ओढून आकाश गडद करता येतं, ती सोय इथे नाही. पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लेन्सवरच लावावा लागतो. श्रावणात घाटमाथ्यावर ऊन-पावसाचा खेळ चालू असताना कुठला फिल्टर लावायचा हे ठरवणं म्हणजे प्रोसेसिंगच, फक्त ते तिथे उभं राहून होतं. घरी कर्व्ह आणि थोडं डॉज-बर्न (काही भाग उजळ, काही गडद करणं), बास.

म्हणजे तुमची "शटरपर्यंत कॅमेरा, नंतर संगणक" ही रेषा माझ्या कॅमेऱ्यात कुठे ओढणार?

पेचकस

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खोडतो.

पहिलं, १.९ ते ७.२ मीटर. हा हिशेब ०.०३ मिमीच्या धूसर ठिपक्याचा (बिंदू किती पसरला तरी टोकदार मानायचा ती मर्यादा) आहे. लेन्सवर कोरलेली खोलीची पट्टी साधारण याच जुन्या हिशेबावर चालते. तो फिल्मच्या काळातला, मध्यम आकाराच्या प्रिंटसाठीचा. ६० मेगापिक्सेलची फाइल पडद्यावर शंभर टक्के मोठी करून बघणाऱ्याने तो ठिपका निम्मा धरावा. मग तीच ३५, तोच एफ/८, तेच ३ मीटर, पण पट्टा उरतो जेमतेम २.३ ते ४.२ मीटर. छोटं छापणार असाल तर जुना हिशेब चालेल. मेगापिक्सेल वाढवायचे आणि झोन फोकसचं कौतुकही करायचं, हे एकत्र जमत नाही.

दुसरं, फोकसची यंत्रणा पूर्ण यांत्रिक आहे. लेन्सच्या मागचा कॅम बॉडीतल्या छोट्या चाकाला ढकलतो, ते चाक दांडा हलवतं आणि दांडा प्रतिमा सरकवतो. कॅमेरा कुठे आपटला, की हे केसभर सरकतं. तुम्हाला खिडकीत सगळं जुळलेलं दिसतं आणि फाइलमध्ये नाकाऐवजी कान टोकदार येतो. लांबच्या मोबाइल टॉवरवर अनंत अंतराची जुळणी अधूनमधून तपासत जा. काही लेन्सा ॲपर्चर बदललं की फोकसही सरकवतात, झाइसची ५० एफ/१.५ सोनार त्यासाठी प्रसिद्धच आहे. खिडकीला यातलं काही कळत नाही, कारण ती लेन्समधून बघतच नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं. "कुठल्याही रॉ सारखी फाइल" हे राखाडीताईंच्या मोनोक्रोमशिवायही टिकत नाही. रेंजफाइंडरच्या जुन्या वाइड लेन्सांचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ येतं, त्यामुळे कडेला किरण फार तिरके पडतात. लायकाने त्यासाठी कडेच्या पिक्सेलवरची सूक्ष्म भिंगं सरकवलेली आहेत आणि सेन्सरवरची काच पातळ ठेवली आहे. तीच लेन्स ॲडॅप्टरने जाड काचेच्या मिररलेसवर लावा, कोपरे विरघळतात. हा फरक कुठलंही प्रोफाइल भरून काढत नाही.

आणि एवढं करूनही एम९ वर फोइग्टलेंडरची जुनी १५ लावली की डावी-उजवी कड लालसर-जांभळी होते. लेन्सच्या माउंटवर (बॉडीला जोडायच्या कडीवर) सहा ठिपक्यांचा कोड असेल तर बॉडी लेन्स ओळखून दुरुस्ती करते. नसेल तर त्याच ॲपर्चरवर लेन्सपुढे दुधी प्लास्टिकचा तुकडा धरून एक कोरा फोटो काढायचा आणि लाइटरूममधलं फ्लॅट फील्ड करेक्शन वापरायचं. हे काम इतर कॅमेरेवाल्यांना सहसा करावं लागत नाही.

अवांतर: एम९ च्या फाइलमध्ये नोंदलेलं ॲपर्चर खरं मानू नका. लेन्स आणि बॉडी यांच्यात विजेची तार नाही. बाहेरचा उजेड आणि लेन्समधून आलेला उजेड यांची तुलना करून कॅमेरा अंदाज ठोकतो.

कवडसा

पेचकस, वाइड लेन्सांपुरतं तुमचं बरोबर, तिथे फाइल वेगळी आहेच. माझा रोख रंगांवर होता आणि तिथे मी ठाम आहे. राखाडी, मोनोक्रोमला 'लायकाचे रंग' हा आरोप लागूच होत नाही, त्यामुळे तुम्ही माझ्याच पक्षात!

ऱ्हाईनकाठ

जर्मनीतून लिहितोय, पण वेट्झलरशी (लायकाचं गाव) काही लागाबांधा नाही. :)

लायका म्हटलं की ज्यांचं नाव पहिलं निघतं ते फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ. ३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या थोडा वेळ आधी, ते गांधीजींना भेटले होते, आणि नंतरच्या अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. या माणसाला डार्करूममध्ये अजिबात रस नव्हता. प्रिंट व्हायचे पॅरिसमध्ये, पिएर गासमान यांच्या पिक्टो प्रयोगशाळेत. ज्याला आपण त्यांचा 'लूक' म्हणतो, त्या करड्या छटा बऱ्याच अंशी प्रिंटरच्या हातच्या. तेव्हा कवडसा यांचा मुद्दा मला पटतो.

पण मग पुढचं पाऊलही टाका. फायदा फक्त खिडकीत असेल, तर २०२५ मध्ये लायकानेच एम ईव्ही१ काढला त्याचं काय? एम माउंट तोच, सेन्सर ६० मेगापिक्सेलचा, पण खिडकी आणि दोन प्रतिमा गायब, त्याजागी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. लेन्समधून बघतोय म्हटल्यावर पेचकस यांचं चाक, दांडा, सरकणारा फोकस, सगळं एका फटक्यात मिटलं. तुमच्या हिशेबाने हा कॅमेरा निरर्थक ठरायला हवा. मला तर वय वाढतंय तसा तोच बरा वाटू लागलाय. चष्मा लावून २८ च्या फ्रेमलाइन बघायच्या म्हणजे डोळा गरागरा फिरवावा लागतो.

कवडसा

माझ्यासाठी तो निरर्थकच आहे, हो. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीबाहेरचं दिसत नाही. गल्लीच्या तोंडाशी येणारी हातगाडी मला आधी दिसायला हवी. एम लेन्स वापरायच्या म्हणून तो घेणाऱ्यांचं गणित वेगळं, ते चूक आहेत असं नाही.

मंडपाबाहेर

चौकटीबाहेरचं बघायला दुसरा डोळा उघडा ठेवला तरी चालतो, राव. आम्ही तेच करतो.

जुना_चार्ज

सगळे मिळून मला एकटं पाडताय, हरकत नाही. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. समजा कवडसा म्हणतात तसं रंग काचेने आणि फिल्टरने ठरतात. मग ती काच आणि ते फिल्टर एम९ मध्येच आहेत ना? मी त्याला 'सीसीडीचा रंग' म्हटलं काय नि 'एम९ चा रंग' म्हटलं काय, मिळतो तो त्या बॉडीतूनच. आणि ती बॉडी आता जपावी लागते. तिच्या सेन्सरवरची काच गंजते हे जगजाहीर आहे. कंपनीने २०१४ पासून सेन्सर बदलून दिले, पण बदलीचे सेन्सरही आता संपलेत. प्रोफाइलने सगळं होत असतं तर लोक जुने एम९ शोधत हिंडले नसते.

पेचकस

लोक शोधत हिंडतात हा पुरावा होत नाही. करायची चाचणीच करा. दोन्ही बॉडींवर एकच ५० ची लेन्स, एकच उजेड, रंगांचा चार्ट धरून दोन्हींची वेगळी प्रोफाइल बनवा आणि मग ओळखायला द्या.

जुना_चार्ज

तयार आहे. पण चार्ट नको, माणसाचा चेहरा हवा. चौकोनांना त्वचा नसते.

कवडसा

प्रोफाइल चार्टवरून, ओळखायला चेहरा. आयएसओ १६० मान्य. दुसरी बॉडी माझी. मोनोक्रोम नाही, राखाडीताई, क्षमस्व.

पेचकस

चार्ट मोकळ्या उन्हात धरा, एलईडीखाली नको. आणि डीएनजी चढवण्याआधी कॅमेऱ्याचं नाव पुसून टाका, नाहीतर जुना_चार्ज फोटोऐवजी तेच वाचतील.