सफेद मुसळी टिश्यू कल्चर: तिसऱ्या आठवड्यात बाटल्या दुधाळ, उरलेल्यांत काचेसारखी पानं

हिरवी_बाटली:
सफेद मुसळीच्या डिस्कवरचे (मुळ्यांच्या माथ्यावरच्या खोडाच्या चकतीवरचे) कोंब बाटलीत एमएस मीडियमवर (क्षार-जीवनसत्त्वांचं पोषक माध्यम) लावलेत. लिटरला बीएपी (कोंब फुटवणारं संप्रेरक) 3 मिग्रॅ, साखर 30 ग्रॅम, मीडियम घट्ट करणारं अगार 6 ग्रॅम, पीएच 5.8. दोन आठवडे सगळं स्वच्छ. तिसऱ्यात निम्म्या बाटल्यांत कोंबाच्या बुडाशी दुधाळ वलय येतं. वाचलेल्यांत पानं जाड, पारदर्शक, चिमटा लागला की मोडणारी. निर्जंतुक करायला मर्क्युरिक क्लोराइड 5 ऐवजी 10 मिनिटं दिलं तर कोंबच करपले. काय बदलू?

माती_ते_काच:
मर्क्युरिकची वेळ वाढवून उपयोग नाही. बुरशी वरून आली असती तर चार-पाच दिवसांतच कापूस दिसला असता. इतक्या उशिरा बुडाशी वलय येतंय म्हणजे जिवाणू कोंबाच्या आत आहेत. तिथवर मर्क्युरिक पोचतच नाही.

खरं काम लॅमिनारच्या (निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या) आधीचं. शेतातून उपटलेल्या मुसळीचे कोंब थेट घेऊ नका. निरोगी डिस्क वाफवलेल्या कोकोपीटमध्ये लावा, पाणी बुडाशीच द्या, पानांवर नको. नवे कोंब 2-3 सेंमी झाले की कापा. मग वाहतं पाणी अर्धा तास, ट्वीन-20 चे (साबणासारख्या द्रवाचे) दोन थेंब घातलेल्या पाण्यात 10 मिनिटं, 70 टक्के अल्कोहोल 30 सेकंद, 0.1 टक्के मर्क्युरिक 5 मिनिटं, शेवटी निर्जंतुक पाण्याने चार-पाच वेळा धुवा. मर्क्युरिकचं पाणी बेसिनमध्ये अजिबात ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्यातच द्या.

सेफोटॅक्झिमने (प्रतिजैविकाने) वलय दबतं, पण ते थांबवलं की बहुतेकदा परत येतं. दुधाळ बाटली न उघडता ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा). तिच्यात बुडालेला चिमटा पुढच्या बाटल्या नासवतो.

कप्पा_नंबर_चार:
काचपानांचं कारण तुमच्या आकड्यांतच आहे: बीएपी जास्त, अगार कमी. बीएपी 1 ते 1.5 मिग्रॅवर आणा, अगार 8 ग्रॅम करा. ऑटोक्लेव्हनंतर पीएच थोडा उतरतो, त्यात 6 ग्रॅम अगार आणखीच सैल बसतं.

झाकणाला आतून थेंब लोंबतात का? खालच्या कप्प्यावरच्या ट्यूबलाइटची चोक वरच्या बाटल्यांचं बूड तापवते, मीडियममधलं पाणी उडतं आणि आत दमटपणा कोंडतो. चोक खोलीबाहेर काढा किंवा एलईडी लावा.

बिघडलेले कोंब पुढे चालवू नका. त्यांची पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत, बाटलीबाहेर आले की माना टाकतात. सबकल्चरला (नव्या मीडियमवर हलवताना) एकेक कोंब सुटा न करता 2-3 चा झुबका ठेवा. बुडाशी कॅलस (पेशींचा बेढब गोळा) दिसलं तर कापून टाका. त्यातून निघालेली रोपं मूळ झाडासारखीच असतील याचा भरवसा नसतो.

सावलीघर:
मुळांसाठी निम्म्या ताकदीचं एमएस, लिटरला आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) 1 मिग्रॅ. रोप काढल्यावर मुळांचा अगार पाण्यात पूर्ण धुवा, त्यातल्या साखरेवरच बुरशी चढते. कोकोपीटमध्ये लावून पहिला आठवडा प्लास्टिकखाली झाका, मग रोज थोडं थोडं उघडत तीन-चार आठवड्यांत मोकळं करा.

वेळापत्रक उलटं मोजा. जूनअखेर शेतात लावायचं तर कोंब एप्रिलच्या मध्यापर्यंत मुळांच्या मीडियमवर गेले पाहिजेत. उशीर झाला तर पावसाळा सरतो, पानं पिवळी पडून गळतात आणि रोपं मेली असं वाटतं. ती सुप्तावस्था असते. मुळी बोटाने चाचपून बघा; टणक असेल तर पाणी तोडा आणि कुंडी सावलीत ठेवा, उन्हाळ्याच्या शेवटी डिस्कवर पुन्हा कोंब फुटतात.