‘प्रॉम्प्ट’ या क्रियापदाला ‘भाग पाडणे’ म्हणावे का?

अनुवादार्थी

इंग्रजी बातम्या मराठीत आणताना ‘प्रॉम्प्ट’ या क्रियापदाशी नेहमी अडायला होते. शब्दकोशात ‘प्रवृत्त करणे’, ‘सुचवणे’, ‘आठवण करून देणे’ असे एकमेकांपासून बरेच लांबचे अर्थ सापडतात. हे वाक्य बघा: ‘द रिपोर्ट प्रॉम्प्टेड द मिनिस्टर टू रिझाइन.’ याचे ‘अहवालाने मंत्र्यांना राजीनामा द्यायला भाग पाडले’ असे भाषांतर चालेल का? ‘अर्ज्’, ‘पर्स्वेड’ आणि ‘प्रॉम्प्ट’ यांत नेमका फरक काय? आणि इंग्रजीत लिहिताना ‘प्रॉम्प्टेड हिम टू गो’ बरोबर की ‘प्रॉम्प्टेड हिम फॉर गोइंग’?

शब्दवेध

‘भाग पाडले’ नको. ते ‘फोर्स’ किंवा ‘कम्पेल’साठी राखून ठेवा. भाग पाडण्यात समोरच्याला दुसरा पर्याय उरत नाही. ‘प्रॉम्प्ट’मध्ये निर्णय त्या माणसाचाच असतो, अहवाल फक्त निमित्त होतो. राजकीय बातमीत हा फरक क्षुल्लक नाही. ‘भाग पाडले’ लिहिलेत की मूळ बातमीदाराने न केलेले विधान तुमच्या नावावर जाते.

आता तीन क्रियापदांचा फरक. वाक्यापुढे ‘पण तसे झाले नाही’ जोडून बघा. ‘आय अर्ज्ड हिम टू रिझाइन, बट ही रिफ्यूज्ड’ हे निर्दोष वाक्य आहे, कारण ‘अर्ज्’ म्हणजे कळकळीने आग्रह करणे. आग्रह केला, पुढचे समोरच्याच्या हाती. ‘पर्स्वेडेड’ म्हटले की निदान मन तरी वळलेले असते. ‘द रिपोर्ट प्रॉम्प्टेड हिम टू रिझाइन, बट ही रिफ्यूज्ड’ हे मात्र स्वतःलाच छेद देणारे वाक्य होते. राजीनामा दिला गेला, हे ‘प्रॉम्प्टेड’मध्ये आधीच सांगून झालेले आहे.

कर्ताही पाहा. ‘अर्ज्’ आणि ‘पर्स्वेड’चा कर्ता बहुधा माणूस किंवा संस्था. ‘प्रॉम्प्ट’चा कर्ता बहुधा घटना, बातमी, शंका, एखादे पत्र. मराठीत निर्जीव कर्त्याला ‘ने’ लावून माणसाकडून काही करवले की वाक्य आखडते. म्हणून कर्ता बदलून कारण ‘मुळे’ने जोडा: ‘अहवालामुळे मंत्र्यांनी राजीनामा दिला.’ नुसते ‘अहवालानंतर’ लिहू नका, त्यात फक्त काळाचा क्रम राहतो आणि कारण गळून पडते.

रचना एकच पक्की ठेवा: प्रॉम्प्ट, मग व्यक्ती, मग ‘टू’ आणि क्रियापदाचे मूळ रूप. ‘प्रॉम्प्टेड हिम टू गो’ बरोबर. ‘फॉर गोइंग’ चूक, ‘प्रॉम्प्टेड टू हिम’ चूक, आणि ‘टू वेंट’ तर हमखास होणारी चूक, कारण भूतकाळ आधीच्या क्रियापदात येऊन गेलेला असतो.

विंगेतला

वरचे उत्तर चांगले आहे, पण ‘तसे झाले नाही’ ही कसोटी सगळीकडे लागू होत नाही. या क्रियापदाची दुसरी शाखा आहे: अडलेल्याला पुढचा शब्द किंवा पुढची पायरी सुचवणे. नाटकात नट संवाद विसरला की विंगेतून प्रॉम्प्टर करतो तेच. इथे कर्ता माणूस असतो आणि यशाची हमी नसते. ‘शी प्रॉम्प्टेड द चाइल्ड टू से थँक यू, बट ही केप्ट क्वाएट’ हे अगदी बरोबर इंग्रजी आहे. मुलाला ‘थँक यू’ म्हणायला सुचवले, तो गप्प राहिला.

एआयला दिलेला प्रॉम्प्टही याच शाखेतला. ‘आय प्रॉम्प्टेड द मॉडेल टू मेक अ टेबल’ यात तक्ता मागितला एवढेच कळते, मिळाला की नाही ते कळत नाही. थोडक्यात, कर्ता घटना असेल तर परिणाम झालेला असतो. कर्ता माणूस असेल आणि तो सुचवत असेल, तर परिणामाचा शोध पुढच्या वाक्यात घ्या.

दोन्ही अर्थ एकाच मुळातले आहेत. लॅटिनमध्ये ‘प्रोमेरे’ म्हणजे बाहेर काढणे आणि ‘प्रॉम्प्टुस’ म्हणजे बाहेर काढून हाताशी ठेवलेले. त्यावरून ‘तयार, तत्पर’ हे विशेषण आले. ‘प्रॉम्प्ट रिप्लाय’मधला प्रॉम्प्ट तोच.

संगणकाच्या मजकुरात ‘फॉर’ येतो, तेव्हा मात्र सावध राहा. ‘द प्रोग्रॅम प्रॉम्प्ट्स द यूजर फॉर अ पासवर्ड’ म्हणजे प्रोग्रॅम पासवर्ड विचारतो. इथे ‘प्रवृत्त करतो’ लिहिले तर वाक्य हास्यास्पद होईल. आणि हा ‘फॉर’ फक्त नामाआधी चालतो, म्हणून ‘फॉर गोइंग’ला तो आधार देत नाही.

अनुवादार्थी

दोघांचे आभार. ‘द ॲक्सिडेंट प्रॉम्प्टेड ॲन इन्क्वायरी’ यात तर व्यक्तीच नाही. तिथे काय करायचे? आणि ‘ट्रिगर’, ‘प्रोव्होक’, ‘इन्साइट’ हे त्याचे पर्याय म्हणून वापरता येतात का?

शब्दवेध

नाम थेट कर्म म्हणून आले की ‘प्रवृत्त’ सोडूनच द्या: ‘अपघातामुळे चौकशी सुरू झाली.’ टीका असेल तर ‘टीका झाली’, शंका असेल तर ‘शंका उपस्थित झाली’. मराठी क्रियापद त्या नामाबरोबर जे शोभते तेच.

पर्याय म्हणून ते शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘ट्रिगर’मध्ये विचारपूर्वक निर्णय नसतो, एक गोष्ट घडली की दुसरी आपोआप सुरू होते. अलार्म, ॲलर्जी, भूस्खलन यांना तो शोभतो. ‘प्रोव्होक’मध्ये राग किंवा विरोध उसळतो. ‘इन्साइट’ म्हणजे हिंसेला किंवा गुन्ह्याला चिथावणी. हा शब्द कायद्यातही येतो, म्हणून ‘प्रॉम्प्टेड द क्राउड’ असे मूळ वाक्य असताना ‘जमावाला चिथावले’ लिहिणे म्हणजे कोणावर तरी आरोप करणे. तिथे हात आखडता ठेवा.

विंगेतला यांची दुरुस्ती मान्य आहे. माझी कसोटी घटना कर्ता असलेल्या वाक्यांपुरतीच धरा.

उच्चारवही

दोन गोष्टी राहिल्या. ‘व्हॉट प्रॉम्प्टेड यू टू अप्लाय?’ हा ‘का’ विचारण्याचा सौम्य मार्ग आहे, मुलाखतीत फार उपयोगी. थेट ‘व्हाय डिड यू अप्लाय?’ जाब विचारल्यासारखे वाटू शकते. पण ‘व्हॉट डिड प्रॉम्प्ट यू’ करू नका. इथे ‘व्हॉट’ हाच कर्ता आहे, त्यामुळे साध्या प्रश्नात ‘डिड’ लागत नाही. मराठीत ‘अर्ज करावासा का वाटला?’ हे नेमके बसते.

दुसरे उच्चाराचे. बोलताना मधला ‘प’ बहुधा गळतो आणि ‘प्रॉम्ट’ ऐकू येते, ते चूक नाही. भूतकाळात मात्र शेवटी वेगळे अक्षर ऐकू यायला हवे, ‘प्रॉम्प्टिड’. मूळ रूप ‘ट’ने संपते, म्हणून ‘ईडी’ तिथे गिळता येत नाही. लिहिताना ‘प’ कधीच गाळू नका.