पडीक जगाला 'भंगार वेचणं' म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाटा:
'सुट्टीत कुठला गेम घ्यावा' या चर्चेत काल, अणुयुद्धानंतरच्या पडीक जगात घडणाऱ्या फॉलआउट या गेममालिकेबद्दल, खडूसबुवांनी एका नवख्या मुलाला सुनावलं, "फॉलआउट म्हणजे दोनशे तास भंगार वेचायचं. ना गोष्ट, ना निर्णय." मुलगा गप्प बसला. मला गप्प बसवेना.

२०११ साली बाबा चार महिने अंथरुणाला खिळून होते. रात्री त्यांच्या खोलीत जागायचं, एका कानात हेडफोन, दुसरा त्यांच्या हाकेसाठी मोकळा, आणि लॅपटॉपवर याच मालिकेतला न्यू वेगस. त्यातल्या मारामाऱ्या विसरलो, व्हॉल्ट ११ हा भूमिगत निवारा विसरलो नाही. ओसाड तळघर आणि भिंतींवर निवडणुकीची पोस्टरं. पण उमेदवाराची निंदा करून त्यालाच मत द्या म्हणणारी! संगणकांवरच्या नोंदी वाचत गेलं की उलगडतं: दरवर्षी एकाचा बळी दिला नाही तर सगळे मराल, असं त्या लोकांना सांगितलेलं. मतदान त्यासाठी. आणि ठाम नकार दिला असता तर त्यांना काहीच होणार नव्हतं. हे सांगायला कुणी पात्र समोर येत नाही. कोपरे धुंडाळले तरच कळतं. याला तुम्ही भंगार म्हणता?

खडूसबुवा:
व्हॉल्ट ११ न्यू वेगस बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा, तो तिसरा-चौथा भाग बनवणाऱ्या बेथेस्डाच्या खात्यात जमा करू नका. बेथेस्डाचे निर्णय कसे असतात? २००८ चा तिसरा भाग घ्या. शेवटी किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कुणीतरी जायचं. सोबत फॉक्स नावाचा साथीदार आहे, त्याला किरणोत्सर्गाने काही होत नाही. त्याला जा म्हटलं तर म्हणतो, हे तुझं विधिलिखित! ते सुधारलं पुढच्या वर्षी, वेगळ्या विकतच्या डीएलसीत, म्हणजे जोडभागात. चौथ्या भागात बोलायला चार पर्याय, त्यातले तीन म्हणजे 'हो'.

शिवाय बॉम्ब पडले २०७७ मध्ये, चौथ्याची गोष्ट २२८७ ची. दोनशे दहा वर्षं! पेशवाई बुडाली १८१८ ला, जवळपास तेवढा काळ लोटलाय, आणि त्या गेममध्ये राहत्या घरातला ढिगारा कुणी उचललेला नाही. आमच्या आजीने दोन दिवसांत अख्खी वस्ती सारवून काढली असती.

सँक्च्युअरीकर:
चौथ्या भागाला नावं ठेवणाऱ्यांनी त्यात वस्ती उभारून पाहिली आहे का? पुण्यात नऊ वर्षांत सात घरं बदलली मी, दर अकरा महिन्यांनी करार. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं. त्या गेममध्ये पहिल्यांदा स्वतःच्या मनाने भिंत उभी केली. पाण्याचे पंप, मक्याचं वावर, रात्री दिवे. डक्ट टेपचा रोल दिसला की जीव हरखतो, कारण चिकटवायचा माल कायम कमी पडतो. भंगार वेचणं हाच आनंद आहे, खडूसबुवा. त्यातलं प्रेस्टन हे पात्र सारखं नव्या वस्तीच्या मदतीला पिटाळतं, ते मात्र खरंच असह्य आहे.

जुनीडिस्क:
अवांतर, पण बोलतोच. तिसरा भाग एक्सबॉक्स ३६० वर भारतात आणणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केलं होतं. कारण काय तर सांस्कृतिक संवेदनशीलता. त्यातल्या दोन तोंडांच्या गाईला 'ब्राह्मिन' म्हणतात, त्यावरून असावं, हा सगळ्यांचा तर्क. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चोरटी डिस्क आणली. चाळीस तासांनी सेव्ह उघडेना. रडलो होतो.

खडूसबुवा:
चोरीच्या मालाची तक्रार इथे नको.

जुनीडिस्क:
मग कुठून घ्यायचा होता? पैसे मोजायला तयार होतो, विकणारा नव्हता. आमच्या वतीने परस्पर ठरवलं की आमच्या भावना दुखावतील. मला कुणी विचारलं?

रानवाटा:
विकत मिळत नाही म्हणून चोरी क्षम्य, हे मलाही पटत नाही. ज्यांनी दोन-दोन वर्षं रात्री जागून तो गेम घडवला, त्यांचा काय दोष?

जुनीडिस्क:
तुमच्याकडे २०११ ला लॅपटॉप होता, साहेब. आमच्याकडे मामांनी परदेशातून आणलेला जुना कन्सोल होता आणि महिन्याला तीनशे रुपये. नीतीचे धडे त्या मुलाला देऊन बघा.

सँक्च्युअरीकर:
कुणाच्या घरच्या परिस्थितीवर घसरू नका. दोघेही.

जुनीडिस्क:
आधी चोर कुणी म्हटलं? नंतर पगार सुरू झाल्यावर डीएलसीसकट विकत घेतला. अजून काय करू?

रानवाटा:
विकत घेतलात हे माहीत नव्हतं. 'चोरी' हा शब्द मागे घेतो. मत बदललेलं नाही.

खडूसबुवा:
मी माझा घेत नाही. पण काल रात्री व्हॉल्ट ११ पुन्हा खेळलो. शेवटची ध्वनिफीत पूर्ण ऐकली. पाच जण उरलेले, आपण नकार दिला हे जगाला कळू द्यायचं की नाही यावर वाद, आणि मग गोळ्या. पहिल्यांदा मी ती अर्धी सोडून पुढे गेलो होतो. तेव्हा न्यू वेगसपुरतं 'ना गोष्ट' हे चूक, मान्य. चौथ्या भागाबद्दलचं एकही अक्षर बदलणार नाही. आणि त्या मुलाला कुणीतरी कळवा, न्यू वेगस घे म्हणावं. गुडस्प्रिंग्स या सुरुवातीच्या गावातून निघाल्यावर उत्तरेचा रस्ता मात्र धरू नकोस, डेथक्लॉ नावाचे राक्षसी प्राणी फाडून खातील.