बायका होडीवर जात नाहीत, मग मासेमारीच्या कमिटीत त्यांचं काय काम?

सागरवाट: मी शेवटच्या वर्षाच्या रिपोर्टसाठी छोट्या मासेमारीवर लिहितेय, त्यात एक चॅप्टर मॅनेजमेंटचा आहे, म्हणजे बंदीचा काळ कधी, जाळ्याचा आस (म्हणजे भोकाचा आकार) किती, कुठल्या पट्ट्यात कोणी मासेमारी करायची वगैरे. मी लिहिलं की या कमिट्यांमध्ये बायका हव्यात, तर सर म्हणाले बायका विकतात, सुकवतात, पकडायला जात नाहीत, मग त्यांना घेणं म्हणजे नुसत्या खुर्च्या भरणं. मला हे पटत नाही पण "समानता हवी" एवढ्यावर मुद्दा उभा राहत नाहीये. समुद्रात मासे टिकण्याशी बायकांचा थेट संबंध काय, कोणी खऱ्या उदाहरणांसकट सांगेल का?

खाजण: पकडायला जात नाहीत हेच मुळात बरोबर नाही. ओहोटीला पाणी मागे गेलं की खडकात, चिखलात पायी फिरून कालवं, शिंपल्या, खेकडे, ऑक्टोपस गोळा करणाऱ्या जगभर बहुतेक बायका आणि मुलंच असतात. पण नोंद होते ती बंदरावर होडीतून उतरलेल्या मालाची, टोपलीतून थेट घरात गेलेला माल कुठल्याच रजिस्टरात येत नाही. आता ज्या खडकावरून रोज शिंपल्या निघतायत त्याचा हिशोबच नसेल तर तिथला साठा कमी होतोय की वाढतोय हे ठरवणार कसं? एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) 2024 च्या अहवालात प्रत्यक्ष मासेमारी आणि मत्स्यशेतीत बायका 24 टक्के आणि प्रोसेसिंगमध्ये 62 टक्के धरल्यात, आणि 2023 ला फक्त छोट्या मासेमारीवर जो मोठा अभ्यास आला त्यात घरापुरतं पकडणारे, विकणारे, सुकवणारे सगळे मोजले तर 10 मधल्या 4 बायका निघाल्या. म्हणजे तुम्ही काय काय मोजता त्यावर चित्र बदलतं. आणि अजून एक, किनाऱ्याजवळचा पट्टा संवर्धनासाठी बंद केला की होडीवाला पुढे खोल पाण्यात जाऊ शकतो, पायी जाणारी कुठे जाणार? हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये ती स्वतः बसलेली नसेल तर सहसा कोणी विचारतच नाही.

भरतीओहोटी: ताई, तुम्ही पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचं उदाहरण नक्की घ्या, माझ्या मते याहून चांगलं दुसरं नाही. तिथे खारफुटीच्या मुळांना कालवं लागतात आणि ती काढणाऱ्या जवळपास सगळ्या बायकाच. आधी घाईत मूळच तोडून कालवं काढायची पद्धत होती, त्यामुळे खारफुटी जायची आणि पुढच्या वर्षी कालवं चिकटायला जागाच उरायची नाही. 2007 मध्ये त्यांनी ट्राय नावाची संघटना बांधली, हळूहळू 500 हून जास्त बायका त्यात आल्या, आणि 2012 मध्ये सरकारने तान्बी पाणथळ भागातल्या कालवं आणि शिंपल्यांच्या मासेमारीचा खास हक्क या संघटनेलाच दिला. म्हणजे बाहेरच्याने येऊन ओरबाडायचं बंद, आणि त्या बदल्यात नियम पाळायची, पाळून घ्यायची जबाबदारी यांची. वर्षातले बरेच महिने काढणी बंद ठेवायची, बारीक कालवं तशीच सोडायची, मूळ न तोडता काढायची, खारफुटी पुन्हा लावायची, हे सगळं त्यांनी स्वतः बसून ठरवलं. आणि ते टिकलं कारण आज न काढता ठेवलेलं कालव दुसऱ्याच्या टोपलीत जाणार नाही याची खात्री होती. ही खात्री नसेल तर थांबणारा मूर्खच ठरतो, मग तो पुरुष असो की बाई.

स्पेनच्या गॅलिसियातही असंच, तिथल्या पायी शिंपल्या गोळा करणाऱ्या बायकांना 1990 नंतर परमिट आणि ट्रेनिंग मिळालं. आता त्या बारीक शिंपल्या पेरतात, शेवाळ काढतात, चोरीवर पहारा ठेवतात, रोजचा कोटा पाळतात.

निळाई: सगळं मान्य, पण एक विनंती, रिपोर्टमध्ये "बायका निसर्गाच्या जवळ असतात म्हणून सांभाळतात" असलं काही लिहू नका. घरात चूल पेटायची असेल तर बाईसुद्धा बारीक मासा उचलतेच आणि त्यात तिचा दोष नाही. वर दिलेल्या उदाहरणांत हक्क लेखी मिळाला म्हणून फरक पडलाय. मादागास्करमध्ये 2004 ला ऑक्टोपससाठी खडकाचा एक भाग काही महिने बंद ठेवायचा प्रयोग झाला, ऑक्टोपस फार पटकन वाढतो त्यामुळे बंदी उठली तेव्हा वजनदार माल मिळाला, पण त्याच दिवसांत आजूबाजूच्या गावांतून गर्दी लोटली आणि मिळालेलं झपाट्याने काढलं गेलं. म्हणून बंदी किती दिवस यापेक्षा ती उठल्यावर पहिल्या दिवशी कोण जाणार हे आधी ठरवा असं मी म्हणेन. झांझिबारचंही बघा, तिथे समुद्री शेवाळाची शेती बहुतेक बायका करतात, उथळ पाणी तापायला लागल्यावर शेवाळ रोगाने मरायला लागलं, उपाय म्हणजे खोल पाण्यात जा, पण त्यासाठी होडी लागते आणि पोहता यावं लागतं आणि बऱ्याच जणींकडे दोन्ही नाही. हे माहीत नसलेल्या माणसाने केलेला प्लॅन कागदावरच राहतो.

खाजण: प्रोसेसिंगला पण कमी लेखू नका. सेनेगल, गांबियाच्या किनाऱ्यावर फिशमीलचे (मासे दळून पशुखाद्यासाठी पूड करणारे) कारखाने आले, ते सार्डिनेला मासा घाऊक उचलतात, आणि तोच मासा धुरी देऊन, सुकवून विकणाऱ्या बायकांना माल मिळेनासा झाला. आणि बारीक मासा यायला लागलाय, भाव बदललाय हे बाजारात बसणारीला सगळ्यात आधी कळतं. सेनेगलमधल्या थियारोयच्या मासे धुरवायच्या सुधारित भट्टीबद्दलही वाचा, लाकूड कमी, धूर कमी आणि मासा वाया कमी जातो, म्हणजे तेवढ्याच माशात जास्त पैसे.

सागरवाट: खूप खूप आभार सगळ्यांचे. हक्काचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, तोच मध्यभागी घेते. अजून एक, फील्डवर्कमध्ये बायका मीटिंगला येत नाहीत, आल्या तर बोलत नाहीत, याला काय करायचं?

भरतीओहोटी: आधी भरती-ओहोटीचं टेबल बघून वेळ ठरवा, ओहोटीला किंवा लिलावाच्या वेळी मीटिंग ठेवली तर त्या येणारच नाहीत, रोजचं उत्पन्न सोडून कोण येईल. सर्व्हेच्या फॉर्ममध्ये "होडी कोणाच्या नावावर आहे" हा पहिला प्रश्न ठेवू नका, त्यावर बायका फॉर्म सरळ नवऱ्याकडे देतात. "तुम्ही आज पाण्यातून किंवा खडकावरून काय आणलं" इथून सुरू करा. आणि 2014 ला छोट्या मासेमारीबद्दल एफएओच्या ज्या मार्गदर्शक सूचना आल्या त्यातलं आठवं प्रकरण स्त्री-पुरुष समानतेवर आहे, सरांना दाखवायला ते उपयोगी पडेल.