२०२५ ची ह्युस्टन-फ्लोरिडा अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल फायनल: शार्पवर खापर फोडणं बरोबर आहे का?

शुगरलँडकर

२०२५-२६ चा नवा सीझन सुरू झाला आणि आमच्या वॉट्सॅप ग्रुपवर परत तीच क्लिप फिरायला लागली. फायनलचे शेवटचे सेकंद, ह्युस्टनचा इमॅन्युएल शार्प थ्रीसाठी, म्हणजे लांबून तीन पॉइंटच्या शॉटसाठी, उडी मारतो, समोरून फ्लोरिडाचा क्लेटन धावत येतो, शार्प हवेतच बॉल खाली सोडतो, आणि मग बॉल त्याच्या पुढ्यात टप्पे खातोय आणि हा हात आवरून नुसता बघतोय. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. माझं डोकंच फिरतं यार. बहुतेकांनी मॅच बघितलेलीच नाही, दहा सेकंदांच्या क्लिपवर निकाल देऊन मोकळे.

मी यूएचचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ ह्युस्टनचा, एमएस तिथलंच, त्यामुळे मी काही न्यूट्रल नाही हे आधीच सांगतो. पण त्या टीमचा रस्ता आठवून बघा. पर्ड्यूविरुद्ध ६२-६०, आमच्या उझानने आत बॉल टाकला, टगलरने त्यालाच परत दिला आणि ०.९ सेकंद बाकी असताना त्याने लेअप मारला. मग बरोब्बर गुढीपाडव्याला, ३० मार्चला, टेनेसीला ६९-५० ने धुतलं, घरी श्रीखंड-पुरी खाऊन सगळे टीव्हीपुढे, बायकोसुद्धा बसली होती जिला बास्केटबॉलमधलं ढिम्म कळत नाही. मग सेमीफायनलला ड्यूक. आठएक मिनिटं राहिलेली असताना १४ ने मागे, शेवटच्या ३५ सेकंदांतसुद्धा सहाने मागे, आणि तिथून ७०-६७. त्यांचा स्टार कूपर फ्लॅग समोर असताना. त्या रात्री मला वाटलं की आता कप आपलाच, आमचा सॅम्पसन ६९ व्या वर्षी जिंकणारा सगळ्यात म्हातारा कोच होणार.

आणि ७ एप्रिलला सॅन अँटोनिओला अलामोडोममध्ये काय झालं ते माहितीच आहे. हाफटाइमला ३१-२८ पुढे. क्लेटनला पहिल्या हाफमध्ये भोपळा, एक पॉइंट नाही, ज्याने दोनच दिवस आधी ऑबर्नला ३४ हाणले होते त्याला! सेकंड हाफमध्ये ४२-३०. बारा पॉइंटची लीड, तीही देशातला सगळ्यात चिवट डिफेन्स हातात असताना. आणि ती गेली. शेवट ६५-६३.

माझं म्हणणं एवढंच की खून आधीच झाला होता, ती क्लिप म्हणजे नुसता पंचनामा. बारा पॉइंट एका पझेशनमध्ये, म्हणजे बॉल एकदा हातात आला तेवढ्यात, जात नाहीत. तुम्हाला काय वाटतं? शार्पचीच चूक? की सॅम्पसनने शेवटचा प्ले नीट लावला नाही? की आम्ही फॅनच उगाच उगाळत बसलोय?

---

गेनसविलची_गार्गी

दादा, पहिल्यांदा गो गेटर्स, म्हणजे आमची फ्लोरिडा 🐊 आता शांतपणे सांगते.

तुमची पोस्ट दोनदा वाचली. शार्प आहे, सॅम्पसन आहे, लीड गेली हे आहे, बायको आणि श्रीखंडसुद्धा आहे, पण ती लीड घालवली कोणी हे कुठेच नाही. ह्युस्टनवाल्यांचं हेच चालतं एप्रिलपासून, एकतर शार्पला शिव्या नाहीतर कोचला. अरे समोर पण एक टीम होती!

विल रिचर्डचं नाव कोणी घेतं का? पहिल्या हाफमध्ये क्लेटनला तुम्ही दोन-दोन माणसं लावून बांधून ठेवलं तेव्हा आम्हाला मॅचमध्ये कोणी ठेवलं? रिचर्डने. १८ पॉइंट, आमच्यातला टॉप स्कोअरर. तो नसता तर हाफटाइमला तीनने नाही, पंधराने मागे असतो आणि मी टीव्ही बंद करून झोपले असते.

आणि आमच्या टीमला मागून येण्याची सवयच होती त्या मार्चमध्ये. यूकॉन दोन वर्षं सलग चॅम्पियन, त्यांना ७७-७५. टेक्सस टेकविरुद्ध तीनेक मिनिटं राहिली होती आणि नऊने मागे, तिथून ८४-७९. ऑबर्नविरुद्धही हाफटाइमला मागेच होतो. त्यामुळे ४२-३० झालं तेव्हा मी घाबरले नाही असं म्हणणार नाही, घाबरलेच, पण संपलं असं वाटलं नाही. फायनलमध्ये आम्ही सगळी मिळून मिनिटभरच पुढे होतो, खरंच, जेमतेम मिनिटभर. पण ते शेवटचं मिनिट होतं, काय करणार 😄

शार्पवर खापर नका फोडू हे मान्य. पण त्याऐवजी क्लेटनला मार्क द्या. दिवसभर ज्याचा शॉट पडत नव्हता, सगळे ११ पॉइंट सेकंड हाफमध्ये, त्याने मॅच जिंकली ती डिफेन्सवर.

---

नागपाडा_पॉइंटगार्ड

गार्गीताई बरोबर बोलल्या. मी मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर वाढलेला माणूस, आता पोरांना शिकवतो, त्यामुळे थोडं टेक्निकल लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

ग्रुपवर लोक विचारतात ना की "अरे तो बॉल उचलत का नाही", त्याचं कारण साधं आहे. बॉल हातात घेऊन पाय जमिनीवरून सुटले की दोनच रस्ते, शॉट नाहीतर पास. हवेतून बॉल खाली टाकला आणि आपणच पहिला हात लावला की ट्रॅव्हल. शार्पला हा नियम त्या सेकंदाला आठवला म्हणून तो थांबला, वेडा म्हणून नाही. त्याला आशा होती की दुसरं कोणीतरी, आपला माणूस, बॉलला हात लावेल. पण झेप घेतली फ्लोरिडाच्या कॉन्डनने. तो ऑस्ट्रेलियाचा, लहानपणी त्यांचं ते ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळलेला, त्याला जमिनीवर लोळायचं कोणी शिकवायला नको. बझर वाजला, खेळ खलास.

आता क्लेटन. क्लोजआउट म्हणजे शूटरकडे धावत जाऊन त्याचा शॉट अडवणं. आमची पोरं यात कायम एकच चूक करतात, एकतर उशिरा निघतात नाहीतर धावत जाऊन अंगावरच आदळतात, फाउल, तीन फ्री थ्रो, मॅच हातातून गेली. क्लेटन लांबून पूर्ण स्पीडने आला, हात वर, उंच उडी, आणि तरी अंगाला धक्का नाही. शार्प वर गेल्यावर त्याला समोर फक्त हात दिसला असणार. शॉट मारला असता तर बहुतेक ब्लॉक होता. मी हीच क्लिप पोरांना दाखवतो, पण सांगतो की शार्पकडे बघू नका, क्लेटनचे पाय बघा, शेवटच्या दोन पावलांत काय करतो ते बघा.

हां, शार्पने काय करायला हवं होतं? पंप फेक. बॉल वर नेल्यासारखा दाखवायचा, पाय जमिनीवरच, क्लेटन बाजूने उडत गेला असता, मग एक ड्रिबल आणि आरामात शॉट. दोनच पॉइंट हवे होते ओव्हरटाइमला. पण हे मी चहा पीत लिहितोय आणि तो सहासष्ट हजारांसमोर होता.

शुगरलँडकर, तुमचा मुद्दाही खरा आहे बरं का. त्याच्या आधीच्या पझेशनला पण बॉल गेलाच होता. फ्लोरिडाच्या मार्टिनने दोन फ्री थ्रो टाकून ६४-६३ केलं, मग तुमचा टर्नओव्हर, मग त्यांच्याच अबर्डीनने दोनातला एक टाकला, मग परत टर्नओव्हर. म्हणजे कप समोर दिसतोय आणि शेवटच्या दोन्ही पझेशनला रिंगकडे बॉल फेकलासुद्धा नाही. एक शॉट चुकून हरणं वेगळं. हे जास्त टोचतं.

---

जुना_कूगर

मुलांनो, तुम्ही २०२५ चं रडताय, मी १९८३ पासून रडतोय.

तेव्हा मी ह्युस्टनला शिकायला होतो. फाय स्लामा जामा म्हणायचे त्या टीमला, ओलाजुवान आणि ड्रेक्सलर एकाच टीममध्ये, विचार करा. समोर नॉर्थ कॅरोलायना स्टेट, ज्यांना कोणी विचारत नव्हतं. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बसायला जागा नाही, आम्ही दोघं-तिघं देशी मागे खुर्चीवर उभे राहून बघतोय. ड्रेक्सलरचे पहिल्याच हाफमध्ये चार फाउल. शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळात शॉट मारायची सक्ती, तेव्हा नव्हतंच, त्यामुळे पुढे गेल्यावर आमच्याच कोचने खेळ पार संथ केला, मग त्यांनी आमच्या पोरांना मुद्दाम फाउल करकरून फ्री थ्रोवर पाठवलं, आणि ते चुकले. ५२-५२. शेवटी त्यांच्या व्हिटनबर्गने लांबून काहीतरी फेकलं, आखूड पडलं, लोरेन्झो चार्ल्सने हवेतच पकडून रिंगमध्ये कोंबलं. ५४-५२. त्यांचा कोच व्हॅल्व्हानो मिठी मारायला माणूस शोधत कोर्टभर धावतोय. त्या वर्षी बेस्ट प्लेअर ओलाजुवानला दिलं, हरलेल्या टीमच्या माणसाला! त्यानंतर आजवर हरलेल्या टीममधल्या कोणाला मिळालेलं नाही. पुढच्या वर्षी परत फायनल, जॉर्जटाउन, परत हरलो.

आता गंमत बघा. फ्लोरिडाचा टॉड गोल्डन ३९ वर्षांचा, तो जिंकला तेव्हा टीव्हीवर सांगत होते की व्हॅल्व्हानोनंतरचा सगळ्यात तरुण चॅम्पियन कोच. म्हणजे दोन्ही वेळा तरुण पोरगा मोठा झाला तो आमच्याच जिवावर. तीन फायनल, तीन हार. शार्पवर कसलं खापर फोडता, हे आमच्या पत्रिकेतच आहे.

---

ठाणेकर_नवखा

सॉरी मधेच विचारतो, मी एनबीए बघतो पण हे कॉलेजचं नवीन आहे. फायनल इथे मंगळवारी सकाळी साडेसहाच्या आसपास लागली होती, ऑफिसला निघता निघता थोडी बघितली. एकच मॅच का असते? बेस्ट ऑफ सेव्हन का नाही? आणि हे सगळे खेळाडू दुसऱ्याच कॉलेजमधून आलेले म्हणे, मग फॅन नक्की कोणाचे?

---

गेनसविलची_गार्गी

@ठाणेकर ६८ टीम्स, हरलात की घरी, तीन आठवड्यांत खेळ खल्लास. सिरीज नाही म्हणूनच तर जीव टांगणीला लागतो. सात मॅच असत्या तर ड्यूकला कोण हरवणार होतं! मॅचही छोटी, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, एनबीएसारखे चार क्वार्टर नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं कडू आहे. हो, आमचे तिन्ही मेन गार्ड बाहेरून आलेले. क्लेटन आयोनाहून, मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, रिचर्ड बेलमाँटहून. ट्रान्सफर पोर्टल म्हणतात त्याला, आता पैसेही मिळतात पोरांना. माझे काही सीनियर नाक मुरडतात, भाडोत्री टीम म्हणतात. मला नाही पटत. क्लेटन तर मूळ फ्लोरिडाचाच, लेक वेल्सचा, शाळेत असताना त्याला फुटबॉलसाठी मोठमोठ्या कॉलेजांच्या ऑफर होत्या, त्याने बास्केटबॉल धरलं. आम्ही काय, चार वर्षं शिकायला गेलो आणि आयुष्यभराचे गेटर झालो, तो दोन वर्षं खेळला तर तो परका?

---

शुगरलँडकर

@ठाणेकर आमचेही तसेच आहेत, क्रायर बेलरचा, उझान ओक्लाहोमाचा. पण जे'वान रॉबर्ट्स बघ, २०१९ ला आला तो शेवटपर्यंत ह्युस्टनलाच. फ्री थ्रो त्याचा कच्चा, तर सॅम्पसन त्याच्याकडून रोज दीडशे मारून घ्यायचा म्हणे, आणि ड्यूकविरुद्ध शेवटचे वीसेक सेकंद राहिले असताना लाइनवर गेला तोच. दोन्ही आत. असं काही बघितलं की मग कोण कुठून आला याचं काही वाटत नाही.

@जुना_कूगर काका, पत्रिका वगैरे ठीक आहे पण २०१४ ला सॅम्पसन आला तेव्हा आपल्या मॅचला कुत्रं फिरकत नव्हतं हेही लिहा की.

---

नागपाडा_पॉइंटगार्ड

सॅम्पसनला एकदम देव्हाऱ्यात बसवू नका राव. इंडियानाला असताना भावी खेळाडूंना नियमाबाहेर फोन केले म्हणून २००८ मध्ये गेला, वर पाच वर्षं कॉलेज कोचिंग जवळपास बंद. कोच म्हणून मात्र बाप माणूस. त्याची टीम लूज बॉलवर, म्हणजे कोणाच्याच हातात नसलेल्या बॉलवर, ज्या पद्धतीने तुटून पडते ते बघायला मी सकाळी लवकर उठतो. म्हणून तर तो शेवटचा लूज बॉल समोरच्याने उचलला हे मला जास्त लागलं.

---

शुगरलँडकर

हे मात्र खरंय, असा विचार मी केला नव्हता. आयुष्यभर पोरांना जमिनीवर लोळायला शिकवलं आणि त्याच एका बॉलवर मार खाल्ला. गार्गी, क्लेटनला मार्क दिले, दहापैकी नऊ. एक कापला कारण मी ह्युस्टनचा आहे.

आणि ज्यांना शार्पवर हसायचंय त्यांना एकच सांगतो, तो परत आलाय. उझान आणि टगलरपण. क्लेटन एनबीए ड्राफ्टमध्ये अठरावा गेला आणि यूटाला पोचला, तो आता नाही. २०२६ ची फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीम्सच्या मॅचेस, इंडियानापोलिसला.

---

गेनसविलची_गार्गी

आला तर आला, कॉन्डनही परत आलाय हे विसरू नका 😁 इंडियानापोलिसला गाठ पडली तर जेवण हरणाऱ्याकडे. मी शाकाहारी आहे, आधीच सांगून ठेवते.

---

जुना_कूगर

म्हणजे मीच पैसे काढून ठेवतो.