मदत हवी आहे: निओबे आडवं झालं ते परत सरळ का नाही झालं?

मंडळी, मर्चंट नेव्हीतलं किंवा जहाजबांधणीतलं कोणी आहे का इथे? जर्मन नेव्हीचं निओबे, म्हणजे कॅडेट्सना शिकवायचं शिडाचं जहाज, 26 जुलै 1932 ला बाल्टिक समुद्रातल्या फेहमार्न बेटाजवळ अचानक आलेल्या वाऱ्याच्या झोताने आडवं झालं, हॅच-पोर्टहोल (डेकवरची झाकणं आणि बाजूच्या गोल खिडक्या) उघडेच, पाणी घुसलं आणि काही मिनिटांत खेळ खल्लास, 69 जण गेले, बरीचशी पोरंच बिचारी. मूळ हे मालवाहू स्कूनर (एका प्रकारचं शिडाचं जहाज), नंतर तीन डोलकाठ्यांचं बार्क (वेगळ्या शिडांचा प्रकार) केलेलं, मला तिथेच शंका येतेय. लगेच 1933 ला हॅम्बुर्गमध्ये त्याच्या जागी गोर्च फॉक हे जहाज बांधलं, त्यात तळाशी भरपूर बॅलास्ट (जहाज स्थिर राहावं म्हणून घातलेलं वजन) घातलं म्हणे. तर जहाज कितीपर्यंत कललं तरी परत उभं राहील हे कशावरून ठरतं? गणित चालेल, पण आधी जरा सोप्या भाषेत सांगा प्लीज.