तीन हजारांच्या आतला फौजी चाकू: स्वस्त लॉकपेक्षा बिनलॉक बरा?

निसणा
जवानाला स्वतःच्या पैशानं घडीचा चाकू घ्यायचाय, फील्डवर वापरायला, बजेट तीन हजार. या पैशात ‘आर्मी मॉडेल’ म्हणून जो माल समोर येतो (काळा रंग, अर्ध्या पात्याला करवतीचे दाते, अंगठ्यानं उघडणारं पातं, आत लायनर लॉक) तो घेऊ नये. लॉक नसलेला, पाठीच्या स्प्रिंगवर उभा राहणारा साधा चाकू घ्यावा, असं माझं स्पष्ट मत.

लायनर लॉक म्हणजे उघडलेलं पातं मिटू नये म्हणून मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाला येऊन टेकते, बास. स्वस्त चाकूत ही पट्टी जेमतेम मिलिमीटरभर जाड असते आणि ती जिथे टेकते तिथला उतार नीट घासलेला नसतो. खिशातली धूळ नि धागे मध्ये बसले की पट्टी अर्धवट येते. ‘टक’ आवाज होतो, पण लॉक बसलेला नसतो. त्यात ओल्या हातानं मूठ पिळली की बोटाचं मांसच पट्टीला बाजूला सारतं आणि पातं बोटांवर मिटतं. बिनलॉक चाकू हाती असलेला माणूस पातं मिटणार हे धरूनच चालतो. टोक खुपसून पिळत नाही, पाठीवर दाब देत नाही.

स्विस सैन्याचा १९६१ चा चाकू बघा. ९३ मिमी, ॲल्युमिनियमची मूठ, एक पातं, टिनकटर, बाटली उघडणी-कम-स्क्रूड्रायव्हर आणि टोच्या. लॉक नाही. अमेरिकी सैन्याचा चार अवजारांचा अख्खा पोलादी चाकू, ब्रिटिशांचा बोथट टोकाचा क्लास्प नाइफ, यांनाही लॉक नव्हता.

पोलाद५८
असहमत. स्विस उदाहरण सोयीच्या जागी तोडलंत. त्याच सैन्यानं २००८ साली चाकू बदलला: १११ मिमी, एका हातानं उघडणारं पातं, लाकडाची करवत, वजन १३१ ग्रॅम, आणि पात्याला लॉक. ४७ वर्षं बिनलॉक वापरून झाल्यावर घेतलेला निर्णय आहे हा.

एका हातानं उघडणं ही चैन नाही. एका हातात ताणलेला दोर असतो किंवा माणूस धरलेला असतो. नखानं उघडायचा चाकू दोन हात मागतो, आणि हातमोजे घातले की पात्यावरची ती नखाची खाच नुसती शोभेची.

स्वस्त लॉक वाईट असतो हे मान्य. पण वाईट लॉक दुकानातच पकडता येतो:

चाकू उघडून मुठीत वरून डोकावा. पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण ३० ते ५० टक्के रुंदीवर आलेली हवी. कडेलाच टेकत असेल तर घसरेल. पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली असेल तर तो चाकू नवा असतानाच झिजलेला आहे.

मग पात्याची पाठ लाकडी फळीवर ठेवून हळूहळू दाब द्या. बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरायची. ठोकायचं नाही! ठोकून चांगलाही लॉक खराब होतो. दाब देताना मूठ थोडी पिळा. पट्टी सरकली की चाकू परत द्या.

शेवटी पातं चिमटीत धरून वर-खाली आणि आडवं हलवा. आडवं हलत असेल तर पिव्होटचा (पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याचा) स्क्रू आवळून भागतं. वर-खाली हलत असेल तर लॉकच ढिला आहे, त्याला इलाज नाही.

रामभरोसे
रामपुरी घ्या, विषय संपवा.

निसणा
@रामभरोसे, बटणदाबी चाकू फील्डवर पहिल्यांदा मरतो, कारण स्प्रिंगच्या खाचेत वाळू जाते. कायद्याचंही आत्ताच सांगून ठेवतो: शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रात धरलाय, घरगुती, शेतीची, कारखान्याची अवजारं सोडून. आपण बोलतोय ते ३ ते ४ इंचांचं. तरी बटणवाल्या चाकूंवर दिल्लीसारख्या ठिकाणी वेगळी अधिसूचना आहे, आणि विमानात केबिन बॅगेत कुठलाच चाकू ठेवू नका. खाजगी चाकू अंगावर बाळगायचा की नाही हे युनिटचा हुकूम ठरवतो, आपण नाही.

बीचची_मूठ
दोघंही भांडताय, आणि मधला रस्ता समोर पडलाय. ओपिनेल ८ नंबर, बीच लाकडाच्या मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू. ८.५ सेंमी पातं, वजन पन्नास ग्रॅमच्या आत, आणि लॉक म्हणजे फिरवायची पोलादी कडी. ती १९५५ पासून आहे. पट्टी नाही, स्प्रिंग नाही. धूळ गेली तर कडी फिरवताना हाताला कळतं. चालू बनावटीच्या चाकूत ती मिटलेल्या पात्यालाही कुलूप घालते, म्हणजे खिशात उघडायची भीती नाही. पातं पातळ असल्यामुळे कापतं मात्र झकास. साडेतीन-चार मिलिमीटरचे ‘टॅक्टिकल’ चाकू म्हणजे धार लावलेली पहार. कांदा कापायला घ्या, फुटतो, कापला जात नाही.

घेताना स्टेनलेसच घ्या. कार्बन पात्याला आंबोलीच्या पावसात एका रात्रीत तांबूस ठिपके येतील.

पोलाद५८
@बीचची_मूठ, आंबोलीचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून बरं. बीचचं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि पातं मुठीत आवळतं. मग नखानं ओढा, नाही तर दगडावर मुठीचं बूड आपटून पातं बाहेर काढा. फ्रान्सच्या साव्वा भागात ही जुनीच युक्ती आहे, पण रात्री तीन वाजता लपून बसलेल्या तुकडीत आपटणार का? आणि कडी फिरवायला शेवटी दोन हात लागतातच.

बीचची_मूठ
पिव्होटच्या फटीत जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवून नीट वाळवलं की फुगणं बरंच कमी होतं. तरी नको असेल तर याच लांबीच्या पात्याचा प्लास्टिक मुठीचा, शिट्टीवाला प्रकार मिळतो. दोन हातांचा मुद्दा मान्य.

खारं_वारं
लॉकवरून रणकंदन, आणि पोलाद कुणी विचारेना. या बजेटमध्ये हल्ली डी२ नावाच्या पोलादाचं फार कौतुक चाललंय. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का, क्रोमियम बारा. वाचून स्टेनलेस वाटतं, पण बरंचसं क्रोमियम कार्बनशी जुळून कार्बाइडच्या कणांमध्ये अडकतं, गंजाशी लढायला उरतं कमी. किनाऱ्यावर किंवा घामाच्या खिशात ठिपके पडतातच. धार खूप टिकते हे खरं. पण गेली की साध्या दगडावर लवकर येत नाही, आणि आपटलं तर कडेचे टवके उडतात.

१२सी२७ स्टेनलेस घ्या (कार्बन ०.६ टक्के, क्रोमियम १३.५) किंवा १४सी२८एन. व्हिक्टोरिनॉक्सचं (स्विस सैन्याचे चाकू बनवणारी कंपनी) पातं कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतं. धार लवकर वळते, पण तुटत नाही, आणि वळलेली धार चिनीमातीच्या कपाच्या तळाच्या खरखरीत कडेवर पाच मिनिटांत परत येते. कोन कळत नसेल तर कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, साडेबावीस अंश मिळतात. त्याहून किंचित कमी धरा. नुसतं ‘४४० स्टेनलेस’ असा छाप असेल तर त्यावर विश्वास नको. ए, बी की सी हे लिहिलेलं नसलं की आत काय आहे देव जाणे.

करवतीचे दाते ओला दोर नि पट्टे छान कापतात, पण त्यांना धार लावायला गोल कानस लागते. त्यापेक्षा साध्या धारेचं पातं घ्या नि पाजवत राहा.

निसणा
@खारं_वारं, पूर्ण सहमत. आणि याच न्यायानं मी व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिमीचा स्पार्टन सुचवतो. बिनलॉक, साठेक ग्रॅम. टिनकटर आणि टोच्या हेच खरे कामाचे. चाकूचं टोक मोडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे त्यानं डबा किंवा पेटीचं झाकण उचकटणं. उचकटायला वेगळं अवजार असलं की पातं वाचतं. त्यातल्या कॉर्कस्क्रूला (बूच काढायच्या मळसूत्राला) लोक हसतात. ओल्या दोराची आवळलेली गाठ त्यानं सोडवून बघा.

वाळू_आणि_बर्फ
दोघांच्या भांडणात तिसरा घालतो. वाळवंटात लायनर लॉकपेक्षा बॅक लॉक (मुठीच्या पाठीची दांडी पात्याच्या खाचेत पडते तो) लवकर दगा देतो, कारण त्याची खाच खोल असते. वाळू तळाशी घट्ट बसते, दांडी पूर्ण खाली येत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लायनर लॉकची मूठ मागून उघडी असेल तर पाण्याखाली धरून पातं पाच-सहा वेळा उघड-मिट केलं की घाण निघून जाते. म्हणून उघड्या मुठीचाच घ्यावा.

तिथे तेल कमी घाला. थेंबभर, आणि वरचं पुसून टाका. तेलाला वाळू चिकटून घासपेस्ट होते. खोबरेल तर अजिबात नको, २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि सियाचिनच काय, डिसेंबरच्या नाशकातही पातं जड होतं. मोहरीचं तेल वाळून चिकट होतं. शिवणयंत्राचं पातळ तेल चालतं, पण कडाक्याच्या थंडीत तेही पुसूनच ठेवा. बर्फात ॲल्युमिनियमची उघडी मूठ नको, हात गारठतो. प्लास्टिकची बरी.

पिव्होटचा स्क्रू ढिला होतोच. निळं थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा डिंक) लावा. लाल लावलं तर परत उघडायला तापवावं लागेल. निळं नसेल तर नेलपेंटचा एक थेंब. सोबत टी६ आणि टी८ टॉर्क्सचे (चांदणीच्या तोंडाचे) दोन बिट.

पोलाद५८
@निसणा, स्पार्टनवर आक्षेप नाही, खिशात दुसरा चाकू म्हणून. पण हातमोज्यांचं उत्तर अजून दिलं नाहीत.

निसणा
हातमोज्यांसाठी: १११ मिमीचा, एका हातानं उघडणारा, लॉकवाला व्हिक्टोरिनॉक्स. बजेटमध्ये बसला तर माझी हरकत मागे. माझा विरोध लॉकला नव्हता, स्वस्त लॉकला होता.

पोलाद५८
मग शीर्षक बदला की राव! आणि कुठलाही घ्या, मुठीच्या बुडाच्या कडीला दोरी बांधून कमरपट्ट्याच्या लूपला अडकवा. हात पूर्ण लांब होईल एवढीच लांब, आणि गाडीच्या इंजिनाजवळ किंवा जनरेटरपाशी काम असेल तेव्हा काढून ठेवा. फिरत्या पट्ट्यात दोरी गेली तर चाकू नाही, माणूस ओढला जातो.